कवळीच्या पेल्यातले सम्राट

घरातली दोन माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली की घसा बसतो तो तिसऱ्याचा. दाखलेसाहेबांच्या बायकोचा असाच बसला होता. आतल्या खोलीतून तिचे वडील म्हणायचे, "त्यांना सांग, पंखा बंद करा." त्यांना म्हणजे जावयाला, आणि जावई पंख्याच्या बटणाला टेकूनच बसलेला. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, पंखा बंद करा." दाखलेसाहेब म्हणायचे, "बंद करू की कमी करू, विचार त्यांना." ती विचारायची, उत्तर आणायची, आणि तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू जायचं. दोघांमध्ये हातभर अंतर, पण प्रत्येक शब्द स्वयंपाकघराला वळसा घालून जाणार.

दाखलेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे. पेन्शन कचेरीत हयातीच्या दाखल्याची खिडकी त्यांच्याकडे होती, म्हणून आधी कचेरीने आणि मग सगळ्या बिल्डिंगने त्यांना ते नाव चिकटवलं. वर्षातून एकदा प्रत्येक पेन्शनराने त्या खिडकीपुढे येऊन आपण अजून जिवंत आहोत हे पटवून द्यायचं. साहेब तीनच गोष्टी बघायचे: फोटो, नाव, पत्ता. तिन्ही जुळलं की शिक्का. एक जरी अडलं की मान वर न करता म्हणायचे, "अपूर्ण आहे. उद्या या." आयुष्यभर त्यांनी एवढंच केलं होतं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. प्रत्येकाला कशाचा तरी असतोच.

आणि एके दिवशी रांगेतून सासरे पुढे आले.

सासरे निवृत्त बोटमेकॅनिक. जावयाच्याच घरी राहायचे. त्या दिवशी त्यांची कवळी दुरुस्तीला दिलेली. शिवाय मिशीही नव्हती. डोळ्यांना नीट दिसत नसल्यामुळे मिशीची एक बाजू जरा जास्त कापली गेली, मग दुसरी बाजू तिच्या बरोबरीला आणता आणता सगळीच गेली. फोटोतला माणूस म्हणजे भरघोस मिश्या आणि दातांची अख्खी पंगत. खिडकीपुढचा माणूस म्हणजे नाकाखाली एकदम हनुवटी. त्यात, कर्मचाऱ्यांच्या नातेवाइकांची कामं चटकन होतात अशी कुणीतरी तक्रार केलेली, म्हणून मोठे साहेब नेमके मागे हाताची घडी घालून उभे.

"फोटो जुळत नाही," दाखलेसाहेब म्हणाले.

"अहो, सकाळी माझ्या हातचा चहा प्यायलात ना तुम्ही!" सासरे बोळक्या तोंडाने म्हणाले.

रांग हसली. मोठ्या साहेबांनी भुवया उंचावल्या. दाखलेसाहेबांचे कान तापले आणि ते म्हणून गेले, "चहा हा पुरावा धरता येत नाही. अपूर्ण आहे. उद्या या."

सासरे उद्या आले नाहीत. ते बस बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कचेरीत गेले. तिथल्या कारकुनाने जांभई देत, वर न बघता शिक्का मारला. म्हणजे सासऱ्यांच्या जिवंतपणाचा प्रश्न सुटला. जावई मात्र त्यांच्या लेखी त्या दिवशी मेला. पहाटे उठून सगळ्यांचा चहा करायची त्यांची सवय होती. दुसऱ्या दिवसापासून चहा दोनच कप होऊ लागला, एक स्वतःचा आणि एक लेकीचा. दाखलेसाहेब कॅंटीनचा चहा पिऊ लागले. ज्याने तो प्यायलाय त्यालाच ती शिक्षा कळेल.

माफी मागायला ते एकदा दारापर्यंत गेलेही होते. पण बोलायला सुरुवात केली ती "बाबा, त्याचं असं आहे, नियम..." अशी. नियम हा शब्द ऐकताच आतल्या रेडिओचा आवाज वाढला.

अखेर बायकोने हात टेकले. डॉक्टरांनी तिला कमी बोलायला सांगितलं होतं. "हे बघा," ती उरलेल्या आवाजात म्हणाली, "मला आता निरोप पोचवायचं होत नाही. बाबांना बोलतं करा. नाहीतर मी ताईकडे जाते, आणि तुम्ही दोघं बसा भिंतींशी बोलत."

"मी काय करू? पाया पडू?"

"पाया पडलात तर तेही त्यांना मलाच सांगावं लागेल. त्यांना तर नीट दिसतच नाही." मग तिने आतल्या खोलीकडे मान वळवली. "त्यांचा तो डबा बघा ना एकदा."

डबा म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. बोट एका परक्या बंदरात बिघडून पडली होती, तेव्हा सासऱ्यांनी तिथल्या भंगारवाल्याकडून तो भरून आणला होता. आत काशाची छोटी छोटी नाणी, सदऱ्याच्या बटणाहून जराशी मोठी, काळीहिरवी, मातीने लिंपलेली. रोमन सम्राटांची, आणि तीही साम्राज्याला उतरती कळा लागल्यावरची. निवृत्त झाल्यावर एकेक नाणं ओळखायचं असा सासऱ्यांचा बेत होता. पण निवृत्त झाले आणि डोळ्यांनी दगा दिला. समोर बघितलं की नेमकं मधोमध धुकं. आता ते डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि एकेक नाणं अंगठ्याखाली फिरवत राहायचे. डब्यात कोण कोण आहेत हे आपल्याला कळायचं राहून गेलं, असं ते लेकीला पुष्कळदा म्हणाले होते.

दाखलेसाहेबांनी चष्मा पुसला. "ओळख पटवायची ना? दुसरं काय करतो मी जन्मभर? दोन रविवारांचं काम आहे."

असली वाक्यं माणसाने मोठ्याने बोलू नयेत. कुणीतरी ऐकत असतं.

बेत असा ठरला की गुपचूप करायचं आणि मग सासऱ्यांना एकदम चकित करायचं. दुपारी सासऱ्यांचा डोळा लागल्यावर साहेबांनी डब्यातून मूठभर नाणी उचलली. संध्याकाळी आतून आवाज आला, "त्यांना सांग, डबा हलका झालाय. घरात चोर शिरलाय." साहेब बाहेर वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते. चोर म्हणवून घ्यायची त्यांची आयुष्यातली पहिलीच वेळ.

नाणी आधी साफ करायला हवी होती, आणि इथेच बिल्डिंग मदतीला धावली. खालच्या मजल्यावर एक काका होते. त्यांना सगळ्यातलं सगळं कळायचं. ते म्हणाले, "व्हिनेगर! रात्रभर ठेवा, सकाळी लख्ख." वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांचा विषय इतिहास. त्या कडाडल्या, "खबरदार! शुद्ध पाण्यात भिजवा, आणि रोज पाणी बदला. नाण्यावरचा हिरवा थर म्हणजेच नाणं असतं." काका म्हणाले, इतिहासाच्या बाईंना रसायनातलं काय कळतं. बाई म्हणाल्या, काकांना कशातलं कळतं ते तरी सांगा. हा वाद जिन्यात, साहेबांच्या दारासमोर, साहेबांना वगळून, जेवणाची वेळ टळेपर्यंत चालला. साहेबांनी शेवटी दोघांचंही मन राखलं. बाकीची नाणी पाण्यात घातली आणि एक व्हिनेगरमध्ये.

सकाळी व्हिनेगरमधलं नाणं खरंच लख्ख झालं होतं. त्यावर सम्राट नव्हता, अक्षरं नव्हती, काहीच नव्हतं. देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडलेली एक गुलाबी चकती, बस. काका म्हणाले, "बघा, केवढं स्वच्छ निघालं!"

पाण्यातल्यांची तऱ्हा वेगळी. नाणी एकमेकांत मिसळायला नकोत म्हणून प्रत्येकाला वेगळं भांडं. वाट्या संपल्या, कप संपले, बशा संपल्या. खिडकीच्या कट्ट्यावर, फ्रीजवर, शिलाई मशीनवर, जिथे बघावं तिथे एकेक सम्राट गढूळ पाण्यात बुडून बसलेला. बायको आमटी पातेल्यातून थेट ताटात वाढू लागली. आणि शेवटच्या नाण्याला भांडंच उरलं नाही तेव्हा साहेबांनी अंधारात मोरीच्या फळीवरचा एक काचेचा पेला घेतला, पाण्याने अर्धा भरलेलाच होता, आणि नाणं त्यात सोडून ते झोपायला गेले.

तो पेला सासऱ्यांच्या कवळीचा होता.

पहाटे सासऱ्यांनी सवयीप्रमाणे पेल्यात बोटं घातली, कवळी काढली, तोंडात बसवली, आणि घरात अशी काही आरोळी उठली की वरच्या मोठ्या बाई खाली आल्या. वरची कवळी आणि टाळू यांच्यामध्ये चिखलासकट एक सम्राट अडकला होता. बायकोने चमच्याच्या दांड्याने त्याला बाहेर काढलं. सासऱ्यांनी चूळ भरली, पुन्हा भरली, तिसऱ्यांदा भरली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "त्यांना सांग, माझ्या पेल्यात रोमन साम्राज्य आहे."

"बाबा, ते तुमच्यासाठीच करताहेत. नाणी ओळखताहेत तुमची," बायको कळवळून म्हणाली.

सासऱ्यांनी हात पुढे केला. तिने ती गुलाबी चकतीही त्यांच्या हातावर ठेवली, कारण तिला खोटं बोलता यायचं नाही. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. "त्यांना सांग," ते हळूच म्हणाले, "सोळाशे वर्षं टिकला होता हा."

त्या दिवशी कचेरीत दाखलेसाहेबांचं कशात लक्ष लागलं नाही. पण घरी आले तर जेवणाच्या टेबलावर, त्यांच्या बाजूला, अख्खा डबा आणून ठेवलेला. निरोप नाही, काही नाही. साहेबांनी तो जवळ ओढला. कुणी विश्वासाने आपल्याकडे काही सोपवावं अशी वेळच त्यांच्यावर आजवर आली नव्हती. लोक त्यांच्याकडे कागद सोपवायचे, ते वेगळं.

नाणी जरा उजळल्यावर साहेब त्यातली काही घेऊन वस्तुसंग्रहालयात गेले. तिथे 'वस्तू-ओळख कक्ष' अशी पाटी होती आणि पाटीखाली एक कारकून. त्याने अर्ज पुढे सरकवला. पहिलाच रकाना: नाणे कोणत्या सम्राटाचे.

"तेच विचारायला आलोय," साहेब म्हणाले.

"ते भरल्याशिवाय अर्ज घेता येत नाही."

"पण ते माहीत असतं तर अर्ज कशाला केला असता?"

"रकाना रिकामा चालत नाही," कारकून म्हणाला. आवाजात राग नाही, लोभ नाही. साहेबांना संताप यायला हवा होता. पण त्यांच्याने संतापवेना. इतकं निर्मळ काम त्यांनी फक्त स्वतःच्याच खिडकीत पाहिलं होतं. ते अर्जाची घडी खिशात घालून परत निघाले, आणि बसमध्ये बसायला जागा न मिळाल्यामुळे सगळा रस्ता उभ्याने, आपल्या खिडकीपुढच्या म्हाताऱ्यांचे पाय किती दुखत असतील याचा हिशेब करत आले. हा विचार त्यांना नवा होता आणि त्यांना तो मुळीच आवडला नाही.

मग वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि साहेबांना एकदम हुरूप आला. कारण प्रत्येक नाण्यावर त्यांच्या खिडकीचीच पद्धत होती! मधोमध सम्राटाचा चेहरा, म्हणजे फोटो. कडेने गोल अक्षरं, म्हणजे नाव. उलट्या बाजूला अगदी तळाशी बारीक अक्षरं, नाणं कुठल्या शहरात पाडलं ते, म्हणजे पत्ता. "बघितलंस?" ते बायकोला म्हणाले, "सम्राट असूनही पत्ता दिलाय. आणि आपले लोक कटकट करतात."

हुरूप दोन दिवसांत ओसरला. पत्ता बहुतेकांचा झिजून गेलेला. नावांचा तर नुसता घोळ. कॉन्स्टंटाइन नावाच्या एका थोर सम्राटाला मुलगे झाले, तर त्या गृहस्थाने त्यांची नावं काय ठेवावीत? कॉन्स्टंटाइन, कॉन्स्टॅन्शियस आणि कॉन्स्टन्स! "ह्याला घरात हाक मारायची वेळच येत नसणार," बायको म्हणाली. झिजलेल्या नाण्यावर 'कॉन्स्टन' एवढंच उरतं, पुढे कुठला भाऊ ते देव जाणे. आणि फोटो? सगळ्यांची मान एकाच बाजूला वळलेली, सगळ्यांचे डोळे वटारलेले, सगळ्यांच्या डोक्याला तीच मोत्यांची पट्टी. बरं, तोच भाऊ एका शहरात पाडला तर गाल गोबरे, दुसऱ्या शहरात पाडला तर गाल बसलेले. नमुन्याशी मेळ म्हणून नाही.

जे जुळत नाही ते नाकारायचं, एवढंच साहेबांना ठाऊक. ते एकेक नाणं बघायचे, पुस्तकाशी ताडायचे, मान हलवायचे आणि डावीकडच्या ताटात टाकायचे. उजवीकडचं ताट रिकामंच. बायको डोकावली. "अहो, सगळेच सम्राट परत पाठवलेत?"

"अपूर्ण आहेत," साहेब थकून म्हणाले.

रोज कचेरीतून आल्यावर डोळे ताणायचे, मान अवघडायची, बोटांना मातीचा वास. याचा परिणाम खिडकीवरही झाला. एका आजींना ते नकळत म्हणाले, "जरा उजवीकडे वळा. उजेडात या. हां, कान बरा शिल्लक आहे." आजी घाबरून शिक्का न घेताच गेल्या, मग त्यांना जिन्यावरून हाका मारून परत आणावं लागलं. मोठे साहेब म्हणाले, "दाखले, रजा घ्या."

आणि अशात एके संध्याकाळी दाढी सापडली.

मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, "त्या घराण्यात सगळे सफाचट, दाढी एकाचीच. ज्युलियन. दाढीवाला दिसला की डोळे मिटून ओळखायचा." आणि हे नाणं! हनुवटीखाली चांगली टोकदार, दाट, सम्राटाला शोभेलशी दाढी. साहेबांनी भिंग लावून बघितलं, बायकोला दाखवलं, मोठ्या बाईंना वर जाऊन दाखवलं. बाई खुर्चीतून उठल्या. काका म्हणाले, मी सांगितलंच होतं, काय सांगितलं होतं ते मात्र म्हणाले नाहीत. सासऱ्यांना हे रविवारी सर्वांसमक्ष सांगायचं असं बाईंनी ठरवून टाकलं. शिवाय दोन शब्द बोलायचंही त्यांनी कबूल केलं, कुणी विचारलेलं नसताना.

रविवारी दिवाणखान्यात अर्धी बिल्डिंग. सासरे आतल्या खोलीतच, पण दार किलकिलं आणि रेडिओ बंद. बाईंचे दोन शब्द पुष्कळ वेळ चालले. मग साहेब उभे राहिले, आणि नाणं सगळ्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी ओल्या टूथब्रशने त्यावरून एक अखेरचा हात फिरवला.

दाढी ब्रशला लागून आली.

माती होती. खाली गुळगुळीत हनुवटी. पहिला हसण्याचा आवाज काकांचा आला आणि त्यामागून सगळी खोली फुटली. मोठ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे हा तो नव्हेच," आणि पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं घेऊन घरी गेल्या.

लोक पांगल्यावर साहेब टेबलाशी बसून राहिले. समोर तो बिनदाढीचा सम्राट. तो काही आधी वेगळा आणि आता वेगळा नव्हता. दाढी होती तेव्हाही तोच, गेली तेव्हाही तोच. लोक हसले म्हणून तो कुणी दुसरा झाला नव्हता. आणि मग दाखलेसाहेबांना रांगेचं ते हसू ऐकू आलं, खिडकीपुढचं ते बोळकं तोंड दिसलं, आणि त्यांना लाज वाटली. सासरे आता दिसले तसे त्यांना त्या दिवशीही दिसले होते. ओळख पटली नव्हती असं नव्हतंच. पटली होती आणि तरी त्यांनी परत पाठवलं होतं.

बायकोने मात्र त्यांचा चेहरा पाहिला नाही. तिने बॅग भरली होती. "हात जोडते," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अर्धी बिल्डिंग हसवलीत, पण बाबांचं तोंड काही उघडलं नाही. घसा बरा झाला की येते." आणि ती खरोखरच बहिणीकडे गेली.

आता घरात दोन माणसं आणि मधे कुणी नाही. पंखा सुरू राहिला तो सुरूच राहिला. सासऱ्यांनी एकदा "त्यांना सांग" एवढं म्हटलं, मग सांगायला कुणी नाही हे आठवून गप्प बसले. जेवणाला साहेबांनी भात लावला, तो करपला. तो दोघांनी दोन खोल्यांत बसून, एकही शब्द न बोलता खाल्ला. पहाटे सासऱ्यांनी उठून एक कप चहा केला.

साहेबांनी रजा टाकली. ते नाणं घेऊन खिडकीशी बसले आणि दातकोरणीने, श्वास रोखून, उलट्या बाजूची माती काढू लागले. दुपारपर्यंत काहीतरी आकार दिसायला लागला. आधी वाटलं पाळणा आहे. मग वाटलं बशी. मग त्यातून एक उभा माणूस निघाला, त्याच्या हातात निशाण निघालं, आणि मागच्या टोकाला बसलेली आणखी एक आकृती निघाली, हात सुकाणूवर. साहेब बराच वेळ बघत राहिले. मग उठले आणि डबा उचलून आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. नियम हा शब्द यावेळी त्यांच्या मनातही नव्हता.

"बाबा," ते म्हणाले, "एकावर बोट आहे."

रेडिओ बंद झाला.

"कसली बोट?" सासऱ्यांच्या तोंडून गेलं. लगेच त्यांनी लेकीच्या दिशेने तोंड वळवलं, पण तिथे रिकामी खुर्ची होती. शब्द तर निघून गेला होता, परत घेता येईना. त्यांनी हात पुढे केला. साहेबांनी डबा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि हातावर नाणं. अंगठा फिरू लागला. निशाणापाशी थांबला, सुकाणूपाशी थांबला, परत फिरला. "इतकी वर्षं मी हिला घोडा समजत होतो," सासरे स्वतःशीच पुटपुटले.

मग त्यांनी घसा साफ केला. पाठ सरळ केली. कवळी नीट बसवली. पुढ्यातला डबा जरा बाजूला सरकवला, खिडकीपुढची फळी मोकळी करावी तसा, आणि मान वर न करता विचारलं, "फोटो?"

दाखलेसाहेब चपापले. मग नकळत त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "फोटो आहे. मोत्यांची पट्टी, वटारलेले डोळे. दाढी नाही."

"दाढी होती म्हणे."

"होती. गेली. माणूस तोच आहे." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "माणूस तोच असतो, बाबा. मला ते त्या दिवशीही दिसत होतं. चुकलं माझं."

"विचारलं तेवढंच सांगा. नाव?"

"कॉन्स्टन... पुढचं झिजलंय. पण झिजलेली जागा मोठी आहे, म्हणजे नाव लांबलचक असणार. मधला भाऊ, कॉन्स्टॅन्शियस."

"अंदाजाने?"

"अंदाजाने," साहेब खाली मान घालून म्हणाले. आजवर या शब्दावर त्यांनी एकालाही पुढे सोडलं नव्हतं.

"पत्ता?"

"तळाची दोनच अक्षरं लागतात. बाकी दिसत नाही."

सासऱ्यांनी नाणं उचललं, आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि खिशावर हात ठेवला. डब्याचं झाकण लावलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही.

"अपूर्ण आहे," ते म्हणाले. "उद्या या."

दाखलेसाहेब बाहेर आले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. "बोलले," ते म्हणाले.

"काय म्हणाले?" तिकडून घोगरा आवाज.

"परत पाठवलं मला."

तिकडे काही वेळ नुसता खोकला ऐकू आला. ती हसत होती की रडत होती ते त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, बगलेत पुस्तक आणि हातात भिंग घेऊन आतल्या खोलीशी गेले. दार उघडं होतं. सासरे स्टुलावर आडव्या टाकलेल्या फळीपाशी बसले होते. फळीवर डबा, आणि डब्याशेजारी दोन कप. एक अर्धा प्यायलेला. दुसरा भरलेला, बशीने झाकून ठेवलेला, वाफ अजून कडेने निघत होती. साहेब पटकन एक पाऊल आत टाकून खुर्चीकडे वळले.

"रांगेत," सासरे म्हणाले.

दाखलेसाहेबांनी मागे वळून बघितलं. रांगेत दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी झाकलेल्या कपाकडे एकवार पाहिलं. पण चहा हा काही पुरावा धरता येत नाही. ते मुकाट्याने उंबऱ्याबाहेर गेले आणि रांगेत उभे राहिले.